झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के आणि डीबी स्पेक्ट्रम+ : आज वापरता यावा म्हणून करायचे बदल

आठबिटे

माळ्यावरून किंवा जुन्या बाजारातून बाहेर निघालेला स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, सहसा वयामुळे मरत नाही. घरात सापडलेला कुठलातरी ९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला लावला जातो आणि त्यात तो मरतो. म्हणून हा धागा विजेपासून सुरू करतोय, चित्र-बित्र नंतर.

व्याप्ती : १९८२ चा रबरी कीबोर्डवाला ४८के, १९८४ चा स्पेक्ट्रम+, आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून भारतात परवान्याखाली विकलेला डीबी स्पेक्ट्रम+. तिघांच्या आतला बोर्ड एकाच घराण्यातला आहे. १२८के, +२ आणि +३ या नंतरच्या मॉडेलांची आतली रचना वेगळी, त्यांची भेसळ इथे नको.

माझा एकच आग्रह : जो बदल उद्या उलटवता येणार नाही तो करू नका. पेटी कापायची नाही, भोकं पाडायची नाहीत, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून चिठ्ठी लावायची.

अडॅप्टर : मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर, डीसी. मधला भाग वजा, बाहेरचा अधिक. आज दुकानात मिळणारे जवळपास सगळे अडॅप्टर याच्या बरोबर उलट असतात, आणि बोर्डावर उलट ध्रुवतेपासून कसलंही संरक्षण नाही. गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टवाले अडॅप्टर मात्र मध्य-वजाच असतात. त्यातला दीड ते दोन अँपिअरचा, ५.५ × २.१ मिमी पिनचा घेतला की काम झालं. ५०० मिलीअँपिअरचा घेऊ नका, चालू होताना बसकण मारतो. लेबलवर चित्र असलं तरी मल्टिमीटर लावून खात्री करायचीच.

मूळ सिंक्लेअर अडॅप्टर हातात असेल तर तो मोकळा मोजल्यावर १२ ते १४ व्होल्ट दाखवेल. तो बिघाड नव्हे, आत रेग्युलेशन नाही एवढंच. भार पडला की उतरतो.

रेग्युलेटर : बोर्डावर ७८०५ (आलेल्या विजेचे स्थिर ५ व्होल्ट करणारा भाग) आहे आणि त्याला मोठा ॲल्युमिनियमचा हीटसिंक. ५ व्होल्टच्या बाजूला साधारण ०.७ अँपिअर जातात. १०.५ व्होल्ट आत येत असतील तर ५.५ × ०.७ म्हणजे जवळजवळ ४ वॅट नुसत्या उष्णतेत जातात, तेही बंद प्लास्टिकच्या पेटीत. शेजारी कीबोर्डची रिबन आहे, ती याच उष्णतेने कडक होऊन तडकते. त्यामुळे ७८०५ च्या जागी तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल घालणं हा सगळ्यात फायद्याचा बदल. ट्रेको टीएसआर १-२४५० एक अँपिअर देतो आणि ६.५ ते ३६ व्होल्ट घेतो; मुराटा ओकेआय-७८एसआर-५/१.५ दीड अँपिअर देतो आणि ७ ते ३६ घेतो. पायांचा क्रम ७८०५ चाच आहे : आत, शून्य, बाहेर. मागे एसडी कार्डचा इंटरफेस कायम लावून ठेवायचा असेल तर दीड अँपिअरवाला घ्या.

पहिल्यांदा वीज देण्याआधी ७८०५ च्या बाहेरच्या आणि मधल्या पायांत रोध मोजा. पाच-दहा ओहमच्या खाली असेल तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. बेंच सप्लाय असेल तर ९ व्होल्ट आणि १.२ अँपिअरची मर्यादा लावा. निरोगी बोर्ड एक अँपिअरच्या आत राहतो.

शून्यव्होल्ट

उत्तम सुरुवात. माझी भर : ५ व्होल्ट आले म्हणजे सगळं आलं असं नाही. खालच्या १६के रॅमच्या आठ ४११६ चिप (आयसी६ ते आयसी१३) तीन व्होल्टेज मागतात. त्यातल्या कुठल्याही एका चिपवर काळी प्रोब पिन १६ ला लावून मोजा :

पिन १ : -५
पिन ८ : +१२
पिन ९ : +५

दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. +१२ आणि -५ हे ९ व्होल्टपासून बोर्डावरच तयार होतात. टीआर४, टीआर५ हे ट्रान्झिस्टर आणि तांब्याची छोटी कॉइल ते काम करतात. टीआर४ गेला की दोलन थांबतं. मग १२ च्या जागी बहुधा ८-९ व्होल्ट दिसतात आणि -५ गायब. हे दिसलं तर ताबडतोब वीज बंद. ४११६ ला -५ सगळ्यात आधी मिळायला हवेत आणि सगळ्यात शेवटी जायला हवेत. ते नसताना बाकीचे दोन चालू राहिले तर चिप आतून भाजते. "बघू जरा चालू ठेवून" म्हणत दहा मिनिटं घालवली तर एका ट्रान्झिस्टरच्या दुरुस्तीची आठ चिपांची दुरुस्ती होते.

टीआर४ म्हणजे झेडटीएक्स६५०, टीआर५ म्हणजे झेडटीएक्स२१३. बदलायचे तर दोन्ही बदला. त्याआधी १२ व्होल्टच्या रेषेवर शॉर्ट नाही ना ते बघा, नाहीतर नवा टीआर४ लागलीच जुन्याच्या मागे जाईल. शॉर्ट असेल तर संशय दोघांवर : फुटलेली ४११६, किंवा त्या रेषेवरचा कपॅसिटर.

टीआर४ जाण्याचं नेहमीचं कारण : चालू मशीनमध्ये मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डाची उघडी कड, जिथे बाहेरची उपकरणं लागतात) काहीतरी खोचणं किंवा ओढणं. तिथे ९, १२ आणि ५ व्होल्टचे संपर्क डेटाच्या रेषांच्या शेजारी आहेत. कनेक्टर जरा तिरका बसला की संपलं.

केतकी_रत्नागिरी

माझ्याकडच्या डीबी स्पेक्ट्रम+ ला तिन्ही व्होल्टेज बरोबर येतात. पण चालू केल्यावर यायची ती कॉपीराइटची ओळ येत नाही, पडद्यावर काळे-पांढरे चौकोन राहतात. रॅम का?

शून्यव्होल्ट

बहुधा खालची रॅम, ताई. पण अंदाजाने चिप उपटू नका. दोन मिनिटं चालू ठेवून आठही चिपांवर बोट ठेवा. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापली असेल तर तीच. सगळ्या सारख्याच कोमट असतील तर डायग्नोस्टिक रॉम लागेल. तो एज कनेक्टरवरच्या कार्ट्रिजमध्ये मिळतो, किंवा २७सी१२८ ईप्रॉममध्ये भरून मूळ रॉमच्या जागी बसवता येतो. रॉमच्या सॉकेटजवळची जोडतार उत्पादकाप्रमाणे दोन प्रकारची असते, ईप्रॉम घालण्याआधी ती तपासा. हा रॉम रॅमचा वापर न करता तपासणी करतो आणि कोणता बिट मेला ते सांगतो.

बिटावरून चिप : खालच्या रॅमचा बिट ० म्हणजे आयसी६, आणि तसंच पुढे बिट ७ म्हणजे आयसी१३. वरच्या ३२के साठी बिट ० म्हणजे आयसी१५, बिट ७ म्हणजे आयसी२२.

आठही बिट एकदम वाईट दाखवले तर आठ चिप एकाच दिवशी मेल्या असं समजू नका. पत्ते वाटणारे ७४एलएस१५७ बघा : खालच्या रॅमसाठी आयसी३ आणि आयसी४, वरच्यासाठी आयसी२५ आणि आयसी२६. स्वस्त आहेत आणि सहज मिळतात.

टाक्याचाधूर

वरची रॅम गेली असेल तर मशीन पुष्कळदा १६के म्हणून मुकाट चालू होतं आणि माणूस गेम का चढत नाही म्हणून टेपला शिव्या देत बसतो. तपासायला बेसिकमध्ये टाका :

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ आलं तर ४८के पूर्ण. ३२७६७ आलं तर वरच्या रॅमकडे वळा.

चिप काढण्याबद्दल : या बोर्डाचे ट्रॅक अतिशय पातळ आहेत, जास्त वेळ तापवले की पापुद्र्यासारखे उचकटतात. चिप अखंड काढण्याचा हट्ट सोडा. मेलेलीच आहे ती. बारीक कटरने सगळे पाय चिपच्या अंगालगत कापा, मग ३३०-३५० अंशावर एकेक पाय चिमट्याने काढा, भोकात ताजं ६३/३७ सोल्डर मिसळून सक्शन पंपाने साफ करा. ताजं सोल्डर घातल्याशिवाय जुनं नीट वितळत नाही, ही पायरी गाळू नका. मग गोल भोकांचं सॉकेट. सॉकेट बसवल्यावर प्रत्येक पायाची कंटिन्युइटी शेजारच्या चिपच्या त्याच पायाशी तपासा. पत्त्याचे आणि वीजेचे पाय आठही चिपांत समान आहेत, फक्त डेटाचे २ आणि १४ वेगळे.

बुधवारपेठी

४११६ आता जुन्या साठ्यातल्याच मिळतात आणि "नव्या" म्हणून दिलेल्यांतल्या बऱ्याच कुठल्यातरी बोर्डावरून उपटून पाय घासलेल्या असतात. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला विचाराल तर ४१६४ मिळण्याची शक्यता जास्त. तीच वापरा. पायांतला फरक एवढाच :

४११६ चा पिन १ ला -५ येतात. ४१६४ ला ते नकोत.
४११६ चा पिन ८ ला +१२ येतात. ४१६४ ला तिथे +५ हवेत.
४११६ चा पिन ९ ला +५ येतात. ४१६४ चा तो ए७ हा पत्त्याचा पाय आहे.

तर ४१६४ चा पिन १ आणि पिन ८ बाहेर वळवायचे, सॉकेटात जाऊ द्यायचे नाहीत. पिन ८ आणि पिन ९ चिपच्या एकाच टोकाला समोरासमोर आहेत, त्यांच्यात बारीक तार जोडायची. झालं. ए७ कायम ५ व्होल्टला बांधला गेल्याने ६४के पैकी पावच भाग वापरला जातो, बाकी पडून. रिफ्रेशचाही प्रश्न राहत नाही, कारण ओळी १२८ च उरतात. एकच मेलेली चिप बदलून बाकी सात मूळ ठेवल्या तरी चालतं.

आठही बदलल्या तर -५ आणि +१२ ची भानगडच संपते. मग टीआर४ चा कारभार काढून टाकला तरी हरकत नाही.

शून्यव्होल्ट

शेवटचं वाक्य कुणी वापरू नका. रंगीत चित्र बनवणारा आयसी१४, म्हणजे एलएम१८८९, त्याच १२ व्होल्टवर चालतो. टीआर४ काढलात तर रॅम चालेल, चित्र जाईल. आठही चिप ४१६४ केल्याचा खरा फायदा असा की पुढे टीआर४ गेला तर सोबत रॅम घेऊन जाणार नाही.

बुधवारपेठी

बरोबर, १२ व्होल्ट राहू द्या. फक्त -५ निरुपयोगी होतात.

मेल्बर्नकर

४१६४ ला विरोध नाही, पण मूळ चिप चांगल्या असतील तर उगाच आठही काढणं म्हणजे १२८ टाके विनाकारण तापवणं. प्रत्येक टाका म्हणजे एक ट्रॅक उचकटण्याची संधी. चालतंय ते चालू द्यावं.

कपॅसिटरांच्या बाबतीत मात्र माझं मत उलट. बोर्डावरचे आडवे इलेक्ट्रोलायटिक (२२, १०० आणि १ मायक्रोफॅरॅडचे मुख्यतः) सगळेच्या सगळे बदला. गळले नसले तरी सुकलेले असतात. आडवेच मागवा, उभे बसतात पण पाय लांब ठेवावे लागतात आणि कीबोर्डला टेकतात. १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचे चालतील. दिशा बोर्डावर छापलेल्या खुणेवरून ठरवू नका. जुने काढण्याआधी फोटो घ्या आणि वजा बाजू मीटरने तपासा. छापील खुणा काही आवृत्त्यांत दगा देतात.

आठबिटे

वाद मिटला नाही तरी चालेल, दोन्ही बाजू वाचणाऱ्याला कळल्या. आता चित्र.

मूळ बाहेरपड (टीव्हीकडे जाणारा संकेत) यूएचएफ चॅनेल ३६ वर आहे. आजच्या टीव्हीवर ती शोधणं कटकटीचं आणि चित्र धुरकट. पण कॉम्पोझिट संकेत (टीव्हीच्या पिवळ्या आरसीए सॉकेटला चालणारा) बोर्डावर आधीच तयार असतो, फक्त त्याला चंदेरी डब्यातल्या मॉड्युलेटरमधून फिरवून आणलंय. तो वळसा काढायचा :

१. डब्याचं झाकण उचला. बोर्डावरून डब्यात दोन तारा जातात. चालू मशीनमध्ये मोजा : जिच्यावर स्थिर ५ व्होल्ट आहेत ती वीज, दुसरी व्हिडिओ. वीज बंद करा.
२. दोन्ही तारा डब्याच्या बाजूने सोडवा. ५ व्होल्टवालीच्या टोकाला श्रिंक ट्यूब घाला, उघडी ठेवू नका.
३. आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनेला आत एक छोटा रोधक जोडलेला आहे. त्याचा तो पाय सोडवून बाजूला वाकवा. कापू नका.
४. व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरॅड १६ व्होल्टच्या कपॅसिटरमधून मधल्या पिनेला जोडा. कपॅसिटरची अधिक बाजू बोर्डाकडे.

कपॅसिटर गाळून सरळ तार जोडलेली बरेच ठिकाणी दिसते. चालतंही, पण संकेतावर डीसी पातळी स्वार असते आणि काही टीव्ही ती पाहून अति उजळ चित्र दाखवतात किंवा काहीच दाखवत नाहीत. कपॅसिटर घालूनही चित्र लोळत असेल तर एका एनपीएन ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर मध्ये घालावा.

आवाज टीव्हीतून येत नाही, यायचाही नाही. ४८के चा आवाज आतल्या स्पीकरचा. मोठा हवा असेल तर माइकच्या सॉकेटला छोटा ॲम्प्लिफायर लावा, बीपरचा संकेत तिथे येतो.

न्यूजर्सीचा_नाना

अमेरिकेतल्यांसाठी दोन ओळी. भारतातून किंवा इंग्लंडहून आणलेला मूळ ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टवर अर्धंच व्होल्टेज देईल, नवा १००-२४० वाला अडॅप्टरच घ्या. आणि चित्र पाल पद्धतीचं, ५० हर्ट्झचं आहे. इथले बरेच टीव्ही ते काळं-पांढरं दाखवतात किंवा नाकारतात. खरेदीआधी टीव्हीच्या माहितीपत्रकात पाल आहे का बघा.

कॉम्पोझिटचं एचडीएमआय करणारे स्वस्त डबे कसे वाटतात? हलणाऱ्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात.

मेल्बर्नकर

नाना, ते डब्याच्या समजुतीमुळे होतं. स्पेक्ट्रम प्रत्येक फ्रेममध्ये ३१२ ओळी पाठवतो, एकाआड एक अर्ध्या फ्रेमी नाहीत. स्वस्त डबा त्याला नेहमीच्या प्रसारणासारखं ५७६ ओळींचं विणलेलं चित्र समजतो, दोन वेगळ्या फ्रेमी एकात गुंफतो आणि कडा फाटतात. शिवाय ३.५ मेगाहर्ट्झच्या घड्याळात ६९८८८ टिकांची (घड्याळाच्या ठोक्यांची) एक फ्रेम, म्हणजे ५०.०८ हर्ट्झ, हा किंचित फरकही काही डब्यांना पचत नाही, मधूनच पडदा काळा होतो. रेट्रोटिंक २एक्स हा डबा असली चित्रं ओळखून ओळी दुप्पट करतो. पैसे घालायचे नसतील तर आधी टीव्हीचाच पिवळा आरसीए वापरून बघा, पुष्कळ टीव्हींचं आतलं काम त्या डब्यापेक्षा बरं असतं.

केतकी_रत्नागिरी

आयसी९ जास्त तापत होती. सॉकेट घालून ४१६४ बसवली, कॉपीराइटची ओळ आली. पण आता कॅप्स शिफ्ट, ए, क्यू, १, ०, पी, एंटर आणि स्पेस या आठ कळा चालत नाहीत. बाकी सगळ्या चालतात. मेंब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) गेली का?

टाक्याचाधूर

अभिनंदन! आणि लक्षण इतकं स्वच्छ आहे की पुस्तकात छापावं.

कीबोर्ड म्हणजे ८ × ५ ची जाळी. आठ रेषा पत्त्याच्या (ए८ ते ए१५), पाच रेषा डेटाच्या. प्रत्येक पत्त्याची रेषा पाच कळांची अर्धी ओळ सांभाळते : १ ते ५, क्यू ते टी, ए ते जी, कॅप्स शिफ्ट ते व्ही, आणि उजवीकडे तशाच चार. डेटाची प्रत्येक रेषा या आठही अर्ध्या ओळींतली एकेक कळ उचलते. तुमच्या आठ कळा म्हणजे प्रत्येक अर्ध्या ओळीची सगळ्यात बाहेरची कळ. अर्थात डेटाची पहिली रेषा तुटली आहे, म्हणजे पाच पट्ट्यांच्या अरुंद रिबनमध्ये दोष. पाच कळांची एखादी अर्धी ओळ मेली असती तर आठ पट्ट्यांच्या रिबनवर किंवा तिच्या रेषेवरच्या डायोडवर संशय घेतला असता.

आधी रिबन सॉकेटमधून सरळ वर काढा, टोक बघा. काळी पट्टी घासून गेली असेल तर टोक ३-४ मिमी सरळ कापून पुन्हा खोचा. लांबी पुरत असेल तरच. ताणून बसवलेली रिबन महिनाभरात मुळाशी तुटते. मधेच तडा दिसत असेल तर चांदीचा रंग वगैरे लावण्यात वेळ घालवू नका, वाकवली की पुन्हा सुटतो. नवी मेंब्रेन घ्या, अजून बनतात. मागवताना स्पेक्ट्रम+ ची मागवा, रबरी ४८के ची वेगळी आहे आणि तुमच्या पेटीत काम करणार नाही.

रबरी ४८के वाल्यांनी मेंब्रेन बदलताना वरची ॲल्युमिनियमची पट्टी जपावी. दुहेरी टेपने चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने कोमट करून, प्लास्टिकची पट्टी आडवी सरकवत हळूहळू सोडवायची. कोपऱ्यातून उचलली की कायमची वाकते.

केतकी_रत्नागिरी

टोक काळं पडलं होतं. कापून लावलं, सगळ्या कळा चालू. आभार, टाक्याचाधूर! इकडच्या दमट हवेत पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

बुधवारपेठी

वापरात नसताना हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रॉम आणि यूएलए (चित्र, कीबोर्ड आणि घड्याळ सांभाळणारी मोठी चिप) सॉकेटात असतील तर पावसाळा संपल्यावर एकदा वीज बंद करून किंचित उचलून परत दाबा, पायांवरचा गंज खरवडला जातो. एज कनेक्टरला पांढरा खोडरबर हलक्या हाताने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल. सॅंडपेपर कदापि नको. आणि यूएलएला हात लावण्याआधी नळाच्या धातूला किंवा अर्थला हात लावा.

आठबिटे

यूएलए निघालाच आहे तर : फेरँटीची ही चिप चांगलीच तापते आणि तिचं उत्पादन केव्हाच थांबलंय. उष्णता वाहणाऱ्या चिकट पट्टीने छोटा ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावा. उंची इतकीच की कीबोर्डला टेकणार नाही. मेलीच तर सीपीएलडीवर (हवी तशी घडवता येणाऱ्या चिपवर) बनवलेल्या पर्यायी यूएलए मिळतात, त्याच ४० पायांच्या सॉकेटात बसतात आणि थंड राहतात. जुनी मेली हे ठरवण्याआधी तिच्या १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर दोलन आहे का, आणि झेड८० या प्रोसेसरच्या पिन ६ वर घड्याळ येतंय का हे बघा. घड्याळ बंद असेल तर प्रोसेसर निर्दोष असूनही मेल्यासारखा दिसतो.

रिसेट : रबरी ४८के ला बटण नाही. झेड८० चा पिन २६ दाबबटणातून शून्याला जोडला की झालं. पेटीला भोक न पाडता एज कनेक्टरवरच्या छोट्या प्लगवर बटण बसवता येतं. स्पेक्ट्रम+ आणि डीबी ला ते डाव्या बाजूला आधीच आहे.

शाळामास्तर

थोडं अवांतर. १९८४ च्या क्लास या शालेय संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पात आपल्या शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते, त्यांचीच भारतीय आवृत्ती म्हणजे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सचे युनिकॉर्नही होते. असा एक शाळेच्या कोठीत आहे. चालू करावा का?

शून्यव्होल्ट

थेट नको, मास्तर. त्याच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी एक्स२ कपॅसिटर असतात. कवचाला बारीक तडे जातात, ओल आत शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत दाट, उग्र वासाचा धूर. मशीन सहसा वाचतं, खोली रिकामी करावी लागते. ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरॅड अशी मूल्यं, दोन्ही २७५ व्होल्ट एसी, एक्स२ वर्गाचेच घ्या. साधे ४०० व्होल्ट डीसीचे पॉलिस्टर तिथे घालू नयेत, शॉर्ट झाले तर आग लागते. प्लग काढून काही तास ठेवूनच सप्लाय उघडा, आणि मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज उरलं नाही हे मोजा. मेन्सच्या कामाचा सराव नसेल तर हे दुसऱ्याकडून करून घ्या. स्पेक्ट्रमची बाहेरची ९ व्होल्टची वीज आणि ही वीज यांची बरोबरी नाही.

फ्लॉपीऐवजी : यूझर पोर्टवर लागणारा एसडी कार्डचा अडॅप्टर आणि कार्ड डिस्कसारखं वाचणारा एमएमएफएस रॉम (१६के, २७सी१२८ मध्ये भरून मोकळ्या रॉम सॉकेटात). कार्डावर बीब.एमएमबी नावाची एकच फाइल ठेवायची, तिच्यात ५११ डिस्का मावतात.

शाळामास्तर

समजलं. आधी कपॅसिटर.

पुणेरी_पोक

स्पेक्ट्रमवर गेम चढवायला टेपरेकॉर्डर नाही. मोबाइलवरून जमेल का? पट्टे हलतात, पण शेवटी "आर टेप लोडिंग एरर" येतं.

टाक्याचाधूर

जमतं. टॅप फाइलची (टेपवरच्या गेमची फाइल) वेव्ह फाइल करून वाजवायची. बॉर्डरवर (पडद्याच्या कडेला) काय दिसतं त्यावरून निदान करा.

लाल आणि आकाशी रंग नुसते सावकाश बदलत राहतात, पट्टे नाहीत : संकेत पोचतच नाही. तुमची केबल बहुधा स्टिरिओ. ईअरचं सॉकेट मोनो आहे. मोबाइलकडून फक्त डाव्या वाहिनीची तार घेऊन मोनो पिनेला जोडा.

लाल-आकाशी रुंद पट्टे येतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे, आणि मधेच एरर : पातळी किंवा विकृती. आवाज पूर्ण करा, इक्वलायझर आणि "आवाज सुधारणा" बंद, फोन विमान मोडमध्ये. फोनची पातळी तरीही कमी पडत असेल तर मध्ये छोटा ॲम्प्लिफायर. दाबलेली एमपी३ टाळा : ० बिटाची स्पंदनं ८५५ टिकांची, १ ची १७१० टिकांची, आणि कडा गोल झाल्या की दोघांतला भेद पुसट होतो. ब्लूटूथ तर नकोच.

पूर्ण ४८के चा गेम सुमारे पाच मिनिटं घेतो. आज्ञा लक्षात असेलच : जे, मग सिंबॉल शिफ्ट धरून दोनदा पी, एंटर.

पुणेरी_पोक

मोनो केबलने चढला. पण दर वेळी पाच मिनिटं... डिव्हएमएमसी हा एसडी कार्डचा इंटरफेस घेतला तर कार्ड कोणतं घ्यावं?

आठबिटे

४ किंवा ८ जीबीचं एसडीएचसी, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. ६४ जीबीची कार्डं कारखान्यातून एक्सफॅटमध्ये येतात, ती वाचली जात नाहीत. ईएसएक्सडॉसचे (इंटरफेस चालवणारी प्रणाली) 'बिन', 'सिस' आणि 'टीएमपी' हे फोल्डर कार्डाच्या मुळाशी ठेवा. फोल्डरात फोल्डर करून ठेवले तर सापडत नाहीत. कार्डावरची आवृत्ती आणि इंटरफेसच्या फ्लॅशमधली आवृत्ती तंतोतंत एक हवी. सुरू होताना सिस फाइलबद्दल तक्रार करून थांबला तर कारण हेच, कार्ड बदलत बसू नका.

सुरू झाल्यावर इंटरफेसवरचं एनएमआयचं बटण दाबलं की फाइलींची यादी येते, टॅप किंवा स्नॅपशॉट निवडला की काही सेकंदांत चढतो. यादी येण्याऐवजी मशीन गोठत असेल तर एज कनेक्टर पुन्हा साफ करा, आणि गेम चालू असताना इंटरफेस हलत नाही ना बघा. मागे आधार म्हणून खाली रबराचा तुकडा ठेवला तरी पुरतो. आणि शून्यव्होल्ट यांनी वर सांगितलंय ते इथेही लागू : खोचणं आणि काढणं, दोन्ही अडॅप्टर भिंतीतून काढल्यावरच.